बियाण्यांचा सामाईक ठेवा

हैदराबादहून सोलापूर-पुण्याकडे जाणारा हमरस्ता हा ज्वारीचा रस्ता आहे. शहर मागे पडले की सुमारे तीस किलोमीटरवर पटनचेरू लागते आणि शंभरेक किलोमीटरवर जहीराबाद. पुढे कर्नाटकातील हुमनाबाद ओलांडून हा रस्ता उमरग्याजवळ महाराष्ट्रात शिरतो, नळदुर्गावरून सोलापूर गाठतो, आणि सोलापूरच्या पलीकडे थोड्याच अंतरावर मोहोळ आहे. वाटेत भाषा दोनदा बदलते. तेलुगूतील जोन्नलु कन्नडात जोळ होते आणि मराठीत जोंधळा. भेगाळणारी काळी जमीन आणि शिदोरीतली भाकरी मात्र बदलत नाही. राज्यांच्या आजच्या सीमा या भागात १९५६ मध्ये आखल्या गेल्या. त्यापूर्वी मराठवाड्याचे पाच जिल्हे, बिदर-गुलबर्गा आणि तेलंगण हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. शेतकऱ्यांचे बियाणे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आठवडी बाजारांतून आणि लेकीसुनांच्या माहेर-सासरच्या वाटांनी या मुलखात हिंडत आले आहे.

या एकाच रस्त्याच्या आसमंतात बियाणे राखण्याचे तीन-चार निरनिराळे प्रयत्न झाले. त्यांपैकी एक अंशतः फसला. तो कसा फसला आणि त्यानंतर काय सावरले गेले, हे समजून घेतले म्हणजे ‘शेतीतील जैवविविधता’ या भारदस्त शब्दाचा अर्थ पुष्कळसा उलगडतो.

मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारी ही एकच एक वस्तू कधीच नव्हती. भाकरीसाठी मालदांडी, हुरड्यासाठी गुळभेंडी, नागपंचमीच्या लाह्यांसाठी आणखी एखादी, आणि टणक दाण्याची दगडी ती वेगळीच. एखादा वाण हलक्या जमिनीत तगतो, एखादा उशिराच्या पेरणीला मानवतो, एखाद्याचा कडबा जनावरे शेवटच्या कांडीपर्यंत खातात. कणसाचा घाट, दाण्याचा रंग, ताटाचा गोडवा, रोगाला आणि खोडमाशीला दाद न देण्याचा गुण, हे सारे शेकडो वर्षांच्या निवडीतून साठत आलेले असते. मळणीपूर्वी चांगली कणसे बाजूला काढून आढ्याला टांगणारा शेतकरी, आणि बहुधा त्याच्याहून अधिक त्याच्या घरातील स्त्री, ही निवड करीत आली. या कामाला कोणी संशोधन म्हटले नाही, म्हणून ते संशोधन नव्हते असे होत नाही.

मोहोळच्या संशोधन केंद्राने १९३०च्या दशकात केले ते याच पायावर. तेथील शास्त्रज्ञांनी स्थानिक मालदांडीतून एक सरस वाण निवडून काढला आणि त्याला ‘मालदांडी ३५-१’ असे नाव दिले. तेव्हापासून आजवर रब्बी ज्वारीचे किती तरी नवे वाण आले, तरी दख्खनच्या पठारावर भाकरीची आणि कडब्याची गोष्ट निघाली की तुलना अजून याच वाणाशी होते. ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तीही मालदांडीच.

राजेंद्रनगरचा अनुभव

१९६०च्या दशकात अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाने भारतातील कृषिशास्त्रज्ञांच्या सहकार्याने एक मोठे काम हाती घेतले. जगभरातील ज्वारीचे वाण एकत्र करावेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि त्यांतून नव्या वाणांच्या पैदाशीसाठी कच्चा माल मिळवावा, अशी ही योजना होती. भारताच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि आफ्रिका, अमेरिका व इतर खंडांतून मिळून १६,१३८ नमुने गोळा झाले. त्यांना ‘आय. एस.’ म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्वारी अशी आद्याक्षरे देऊन अनुक्रमांक लावण्यात आले. या संग्रहाचा सांभाळ हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे, अखिल भारतीय ज्वारी सुधार प्रकल्पाकडे आला.

पुढे १९७२ मध्ये पटनचेरू येथे ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू शेतीवरील आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जगाच्या ज्वारीचा सांभाळ आता तिने करावा असे ठरले आणि १९७४ मध्ये राजेंद्रनगरहून नमुने मागविण्यात आले. तेव्हा १६,१३८ पैकी ८,९६१ नमुनेच मिळू शकले. बाकीचे ७,१७७ क्रमांक नोंदवहीत होते, पण त्यांचे उगवणारे बी हाती नव्हते. मग शोध सुरू झाला. मूळ संग्रहातील काही नमुन्यांच्या जोडप्रती अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात, फोर्ट कॉलिन्सच्या राष्ट्रीय बीजभांडारात आणि पोर्टो रिकोतील मायाग्वेझ येथे ठेवलेल्या होत्या. तेथून ३,१५८ नमुने परत मिळविता आले. उरलेले ४,०१९ नमुने कायमचे गेले.

यात कोणा एकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. त्या काळी येथे दीर्घकाळ बी टिकविणारी शीतगृहे नव्हती, आणि हजारो नमुने दर काही वर्षांनी पेरून ताजे करणे हे मनुष्यबळाचे आणि पैशाचे काम होते. तथापि या आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. जे नमुने वाचले ते दुसऱ्या कोणापाशी प्रत होती म्हणून वाचले. ज्यांची प्रत कोठेच नव्हती ते गेले. त्या चार हजारांत कोणत्या गावची ज्वारी होती, तिच्यात टारफुल्याला पुरून उरण्याचा गुण होता की अवर्षणात दाणा भरण्याचा, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. काही वाण ज्या शेतांतून आणले होते तेथे त्यानंतरही पिकत असतील, अशी आशा बाळगता येते. परंतु याच वर्षांत संकरित ज्वारी आली होती. ‘सी. एस. एच.-१’ हा भारतातील पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. त्याचे ताट बुटके होते, तेव्हा कडबा कमी, आणि भाकरीलाही ती गोडी नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार असे; पण दाण्याचे उत्पन्न मोठे होते आणि ती निकड देशाला होती. पुढे मराठवाड्यात आणि विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा फार मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. शेतातून वाण जाण्याला एवढी कारणे पुरेशी होतात.

बी मरते कसे

बी निर्जीव दिसले तरी ते जिवंत असते. त्याचा श्वासोच्छ्वास मंदपणे चालू असतो, आणि ओलावा व उष्णता वाढली की साठविलेली शक्ती वेगाने खर्ची पडते. याविषयी बीजशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: बियातील ओलावा एक टक्क्याने उतरविला तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरविले तरीही दुप्पट होते. पूर्वीच्या शेतकऱ्याला हा नियम आकड्यांत ठाऊक नव्हता. तरी उन्हात खडखडीत वाळविणे, राख व कडुनिंबाचा पाला घालणे, कणगी शेणमातीने लिंपून टाकणे, ही त्याचीच अंमलबजावणी होय. सोलापूर-मराठवाड्याकडचे जुने पेव हे मात्र खाण्याच्या धान्यासाठी. पेवातील ज्वारी वर्षानुवर्षे खाता येई, पण पेरण्यासाठी बी निराळे राखले जाई.

पटनचेरूच्या जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांच्या नमुन्यांच्या भांडारात, हेच काम यंत्रांच्या साहाय्याने चालते. आलेले बी थंड आणि कोरड्या खोलीत सावकाश वाळवितात. वापरासाठी ठेवलेले नमुने शून्याच्या वर चार अंशांवर आणि दीर्घकाळ राखावयाचे नमुने शून्याखाली वीस अंशांवर ठेवले जातात. या दुसऱ्या कोठीतील बी हवाबंद पाकिटांत अनेक दशके टिकते. तरीही ठरावीक काळाने त्यातील थोडे बी ओल्या कागदावर रुजवून पाहावे लागते, आणि उगवण कमी झालेली आढळली की तो नमुना शेतात पेरून नवे बी धरावे लागते.

हे शेतातले काम वाचताना वाटते तितके सोपे नाही. वाण शुद्ध राहिला पाहिजे, शेजारच्या ताटाचे पराग त्यात मिसळता कामा नयेत. ज्वारीच्या कणसांवर फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या चढवितात. बाजरीचे परागीकरण परस्परांत होते, म्हणून तिची एकाच नमुन्याची अनेक कणसे एकत्र बांधून झाकावी लागतात. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा तिच्यासाठी जाळीचे मांडवच घालावे लागतात. हरभरा आणि भुईमूग हे बहुतांशी आपले परागीकरण आपणच उरकतात, त्यामुळे त्यांची चिंता कमी. पण भुईमुगाचे तेलकट बी लवकर जुने होते, म्हणून तेथे दुसरी चिंता उभी राहते. पटनचेरूचे सुमारे १,४०० हेक्टरांचे क्षेत्र निवडताना काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी एकाच आवारात मिळतात हे पाहिले गेले, त्याचा उपयोग येथे होतो.

आज या पेढीत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग आणि नाचणी, राळा, वरई, कोद्रा यांसारखी लहान भरड धान्ये मिळून सव्वा लाखाच्या आसपास नमुने आहेत. ते १४४ देशांतून आलेले आहेत. एकट्या ज्वारीचे सुमारे चाळीस हजार. इतके नमुने एखाद्या पैदासकाराने तपासावयाचे म्हटले तर त्याचे आयुष्य अपुरे पडेल. यास्तव येथील शास्त्रज्ञांनी निवडक प्रातिनिधिक संच तयार केले. ज्वारीच्या सर्वांत लहान संचात २४२ नमुने असून त्यांत साऱ्या संग्रहातील बहुतेक विविधता उतरलेली आहे. प्रथम हे २४२ पेरून पाहावयाचे, आणि हवा तो गुण आढळला की त्याच्या भाऊबंदांचा शोध मोठ्या संग्रहात घ्यावयाचा, अशी ही रीत आहे.

कोणाचे पीक कोणाच्या शेतात

आता असा प्रश्न निघतो की, इतक्या देशांचे बी एका ठिकाणी आणण्याचे कारण काय? प्रत्येक प्रदेशाने आपापले राखावे, एवढे पुरेसे नाही काय?

याचे उत्तर पिकांच्या इतिहासात आहे. ज्वारी ही मुळात ईशान्य आफ्रिकेची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतील सहारालगतच्या पट्ट्यातून आली. हरभरा तुर्कस्तान-सीरियाकडचा, भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. दख्खनच्या शेतकऱ्याने यांतील प्रत्येकाला आपलेसे करून नवे वाण निर्माण केले हे खरे, पण या पिकांचे जुने आप्त आणि रानटी भाऊबंद अजून त्या दूरच्या मुलखांत आहेत. उलट तूर ही भारताची. बस्तर आणि ओरिसाच्या डोंगराळ भागांत तिची एक रानटी बहीण आढळते. तिचा तुरीशी संकर करून पटनचेरूच्या शास्त्रज्ञांनी नरवंध्य तूर मिळविली, आणि तिच्या आधारे ‘आय. सी. पी. एच. २६७१’ हा संकरित वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. पूर्व आफ्रिकेतही तूर महत्त्वाचे पीक आहे. तेथील शेतकऱ्याला उद्या एखादा गुण हवा झाला तर तो भारतातूनच जावा लागेल. कोणत्याही एका प्रदेशाची शेती केवळ त्या प्रदेशाच्या बियाण्यावर उभी नाही.

एकाच वंशावर विसंबल्याने काय होते, हे महाराष्ट्राच्या व उत्तर भारताच्या बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पाहिले. १९६५ पासून आलेल्या बाजरीच्या पहिल्या संकरित वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतील टिफ्टन येथे तयार झालेली ‘टिफ्ट २३ ए’. वाणांची नावे अनेक असली तरी आई एकच. १९७१ मध्ये केवडा रोगाने, ज्याला शेतकरी गोसावी म्हणतात, त्या बाजरीला गाठले. कणसात दाण्यांच्या जागी हिरवी पाने आली आणि शेतेच्या शेते गोसाव्याच्या जटांसारखी दिसू लागली. जुन्या गावठी बाजरीच्या शेतातही हा रोग असे, पण तेथे ताटा-ताटांत फरक असल्यामुळे सारे पीक एकदम बळी जात नसे.

या संकटातून बाहेर पडण्यासाठी जे बी कामी आले, त्यातील काही टोगो या पश्चिम आफ्रिकी देशाचे होते. उत्तर टोगोतील ‘इनियादी’ नावाच्या, जाड दाण्याच्या आणि लवकर येणाऱ्या बाजरीतून पटनचेरू येथे ‘आय. सी. टी. पी. ८२०३’ हा वाण निवडला गेला, आणि तो १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशात लागवडीसाठी आला. पुढे त्याच्या दाण्यात लोहाचे प्रमाण मोठे असल्याचे आढळले. त्यातच आणखी निवड करून ‘धनशक्ती’ हा वाण तयार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला देशभर मान्यता मिळाली. कोरडवाहू महाराष्ट्रातील मुलींच्या व बाळंतिणींच्या अंगी रक्त भरावे म्हणून ज्या बाजरीची शिफारस केली जाते, तिचे मूळ अशा रीतीने टोगोच्या एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात आहे.

देवघेव उलट दिशेनेही झाली. इथिओपियातील ‘ई ३५-१’ ही ज्वारी पटनचेरूच्या मार्गाने बुर्किना फासोत गेली आणि तेथे वाण म्हणून मान्य झाली. इतकेच नव्हे, ज्या देशांतील मूळ संग्रह तेथल्या तेथे नाहीसे झाले होते, त्यांना पटनचेरूने त्यांचेच बी परत दिले. कॅमेरून, इथिओपिया, केनिया, नायजेरिया, सोमालिया हे त्यांतील काही. भारतालाही राष्ट्रीय जनुकपेढीसाठी चाळीस हजारांहून अधिक नमुने मिळाले. बाहेरून बी येते तेव्हा त्याबरोबर रोगही येऊ नये, यासाठी राष्ट्रीय वनस्पती जननद्रव्य संस्थेचे हैदराबाद येथील केंद्र प्रत्येक नमुन्याची तपासणी करते. हे सहकार्य लोकांच्या नजरेस फारसे पडत नाही. एखादा नमुना वर्षभर अलग लावून पाहावा आणि संशय येताच जाळून टाकावा, या कामाची बातमी होत नाही.

घाणेगावची ज्वारी

या साऱ्या प्रवासात सोलापूरच्या वाचकाला जवळची वाटेल अशी एक हकीकत आहे. १९८९ मध्ये इक्रिसॅटचे बीजसंग्राहक सोलापूर जिल्ह्यात हिंडत असता घाणेगाव येथील मालदांडी जातीची ज्वारी त्यांनी संग्रहात घेतली. तिला ‘आय. एस. ३३८४४’ हा क्रमांक मिळाला. ठसठशीत, मोत्यासारख्या चमकदार दाण्याची ही ज्वारी परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या पसंतीस उतरली. चाचण्यांत तिने चांगले उत्पन्न दिले आणि २००२ मध्ये ती ‘परभणी मोती’ या नावाने प्रसारित झाली. सोलापूरच्या शेतातून हैदराबादच्या शीतगृहात, तेथून परभणीच्या प्रयोगशेतात, आणि तेथून पुन्हा दख्खनच्या शेतकऱ्याच्या पाभरीत असे हे बी फिरून आले. तुरीच्या बाबतीतही असेच घडले. महाराष्ट्रातील स्थानिक तुरीतून निवडलेला, मर रोगाला दाद न देणारा वाण ‘मारुती’ या नावाने १९८०च्या दशकात कर्नाटकात प्रसारित झाला, आणि सीमा ओलांडून पुन्हा मराठी शेतकऱ्यांकडे आला.

या हकीकतीला एक बोचरी बाजूही आहे. परभणीचे नाव वाणाला लागले, क्रमांक पटनचेरूचा. ज्या घराण्याने ती ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखली त्याची ओळख त्या नावात कोठेच नाही. भारताने २००१ मध्ये पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि नाममुद्रेविना विकण्याचा हक्क त्याने शेतकऱ्याला दिला. जुने वाण सांभाळणाऱ्यांना मानधन व पुरस्कार मिळावेत म्हणून निधीही उभारला. कायदा चांगला आहे. पण १९८९ मध्ये पिशवीत भरलेल्या मूठभर ज्वारीचा हिशेब २००१ च्या कायद्याने मागे जाऊन लावता येत नाही.

जहीराबादच्या टोपल्या

शीतगृहात काळ थांबतो, आणि हीच त्याची उणीव आहे. वीस अंश थंडीत ठेवलेल्या बियाला गेल्या तीस वर्षांचे अवर्षण माहीत नसते, नवी कीड माहीत नसते. शेतातील बी मात्र दरवर्षी हवामानाशी झगडत बदलत राहते. म्हणून पेढीच्या जोडीला शेतातील राखणही हवी, आणि ती पाहण्यासाठी पटनचेरूहून सत्तर किलोमीटर पुढे जहीराबादला गेले म्हणजे पुरते.

तेथील पस्तापूर व आसपासच्या गावांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने १९८०च्या दशकापासून गरीब, बहुतांशी दलित स्त्रियांचे संघ उभे केले. त्यांच्या वाट्याला आलेली जमीन हलकी आणि पाणी नसलेली. अशा जमिनीत या स्त्रिया ज्वारी, तूर, राळा, जवस, हुलगा, मूग अशी पंधरा-वीस पिके एकाच शेतात मिसळून पेरतात. एक गेले तरी दुसरे हाती लागते. बी बांबूच्या टोपल्यांत, शेणमातीने लिंपून आणि राख-निंबपाला घालून ठेवतात. गावाच्या बीजभांडारातून ज्याला हवे त्याने न्यावे आणि सुगीनंतर नेल्यापेक्षा अधिक परत घालावे, असा दंडक आहे. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सजविलेल्या बैलगाड्यांवर या टोपल्या मांडून गावोगाव जुन्या पिकांची जत्रा निघते. २००८ मध्ये जवळच्या माचनूर येथे या स्त्रियांचे स्वतःचे नभोवाणी केंद्रही सुरू झाले, आणि पेरणी-काढणीच्या गोष्टी त्यावरून त्यांच्याच तेलुगू बोलीत सांगितल्या जातात. संस्थेचे एक प्रवर्तक पी. व्ही. सतीश यांचे २०२३ मध्ये निधन झाले. भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून संयुक्त राष्ट्रांनी पाळले ते तेच वर्ष. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच प्रकारच्या कामासाठी.

पेढी आणि टोपली यांच्यातील दळणवळण मात्र असावे तितके नाही. पेढीतील नमुने मुख्यतः शास्त्रज्ञांकडे जातात. गावातून नाहीसा झालेला वाण पेढीकडून परत मागून घेण्याची वाट शेतकऱ्यांच्या संघांना क्वचितच ठाऊक असते, आणि टोपलीतील बदललेले बी पुन्हा पेढीत येण्याची वाटही तितकीच अरुंद आहे.

करार आणि पाकिटे

राष्ट्राराष्ट्रांतील देवघेवीचे नियम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पार बदलले. पूर्वी बी ही साऱ्या मानवजातीची मालमत्ता मानली जाई आणि पत्र पाठविले की पाकीट येई. १९९२ च्या जैवविविधता कराराने जैवसंपदेवर त्या त्या राष्ट्राचा हक्क मान्य केला. आपल्या बियांवर परदेशी कंपन्यांनी स्वामित्व सांगू नये, हा यातील हेतू रास्तच होता. पण त्यामुळे पाकिटांची वाट अडू लागली, आणि ती मोकळी करण्यासाठी २००१ मध्ये रोम येथे निराळा आंतरराष्ट्रीय तह झाला. तो २००४ मध्ये अमलात आला. त्यातील यादीत असलेल्या पिकांचे नमुने एका ठरावीक करारपत्रावर सही करून सर्वांना मिळू शकतात. यादीत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहेत. भुईमुगाला मात्र तेव्हा त्या यादीत जागा मिळाली नाही, आणि सोयाबीनलाही नाही. वाटाघाटींच्या मेजावर पिकांचे महत्त्व पोटाच्या हिशेबाने ठरत नाही, याचा हा एक नमुना म्हणावयाचा.

दक्षिण आशियाचे म्हणाल तर सार्क राष्ट्रांनी २०११ मध्ये सामाईक बीजभांडाराचा करार केला. कल्पना उत्तम: एका देशात पुराने वा दुष्काळाने बी संपले तर शेजाऱ्याने द्यावे. पण सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही, तेव्हा या कराराच्या भवितव्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांची अकरावी परिषद हैदराबादलाच भरली होती. तेव्हा भारताने पाच कोटी डॉलर या कामासाठी देण्याची घोषणा केली. परिषदा व्हाव्यात, परंतु बियाण्याचे सहकार्य खऱ्या अर्थाने मोजावयाचे तर ते एका भांडारातून दुसऱ्या भांडारात गेलेल्या पाकिटांवरून मोजावे.

राजेंद्रनगरच्या अनुभवाचे चीज झाले ते अशा पाकिटांतून. नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवप्रदेशातील स्वालबार्ड बेटावर, बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ मध्ये एक जागतिक बीजकोठार उघडण्यात आले. पटनचेरूने आपल्या एक लाखाहून अधिक नमुन्यांच्या जोडप्रती तेथे पाठविल्या आहेत. पेटीची मालकी पाठविणाऱ्याची. नॉर्वे ती उघडत नाही. या कोठारातून पहिल्यांदा बी परत मागण्याची वेळ २०१५ मध्ये आली. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळची आंतरराष्ट्रीय जनुकपेढी वापरता येईनाशी झाली होती. तिने गहू, सातू, हरभरा, मसूर यांच्या आपल्याच पेट्या परत मागविल्या आणि लेबनॉन व मोरोक्कोत पेरून संग्रह नव्याने उभा केला.

त्यानंतर ज्वारीच्या मायभूमीवर पाळी आली. सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्या वर्षाच्या अखेरीस वद मदनी शहर पडले. देशाची जनुकपेढी त्याच शहरात होती. तिची लूट झाली, शीतपेट्या उद्ध्वस्त झाल्या. देशाच्या दुसऱ्या भागात वाचलेले बी तेथील शास्त्रज्ञांनी गोळा केले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत स्वालबार्डला पाठविले. त्यात ज्वारी होती. सुदानहून पूर्वी आलेल्या ज्वारीच्या प्रती पटनचेरूच्या कोठीतही आहेत.